पाचवा रंग

काम म्हटलं तर अगदीच किरकोळ होतं. एक स्विच बदलायचा. त्यात भ्यायचं ते काय? ज्याच्याकडे हे काम आलं त्यालाही तसंच वाटलं होतं. दुपारचं जेवण झालेलं, बाहेर ढगाळ, दुकानात गिऱ्हाईक नाही. फोन वाजला, त्याने उचलला, आणि पलीकडून दबका आवाज आला, "भाऊ, माऊच्या दिव्यांचा स्विच तुटलाय. तेवढा बसवून द्याल का?"

त्या माणसाला सगळे दुचष्मी म्हणायचे. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर. नाकावरचा जगासाठी आणि कपाळावरचा बोर्डासाठी. टीव्ही असो, मिक्सर असो, लिफ्ट असो, ज्याच्या पोटात इलेक्ट्रॉनिक बोर्ड आहे ते सगळं कधी ना कधी त्याच्या टेबलावर यायचं. त्याची बायको दुकानाच्या पुढच्या भागात चार्जर आणि रिमोट विकायची, आणि नवऱ्याच्या गप्प स्वभावाची भरपाई आपल्या तोंडाने करायची.

"लाइटवाल्याच्या बायकोचा फोन होता," तो म्हणाला. "स्विच तुटलाय म्हणे."

"मग?"

"अगं, तिचा नवरा झोपेतसुद्धा स्विच बसवेल. मला कशाला बोलावते?"

"नसेल तो गावात. असेल कुठेतरी कार्यक्रमाला." मग बायकोने हातातला रिमोट खाली ठेवला. "जाऊन या. आणि नुसतं बोर्डात तोंड खुपसून बसू नका. दोन शब्द बोला तिच्याशी. माणूस गेलंय त्या घरातलं."

"मी काय बोलणार?"

"तेच तर! तुम्हाला बोलायलासुद्धा बॅटरी घालावी लागते."

तो कसनुसा हसला आणि पिशवी भरायला लागला.

लाइटवाला त्याचा जुना मित्र. नाटकांना, नाचगाण्यांना, सभागृहांतल्या समारंभांना दिवे लावणं हा त्याचा धंदा. पूर्वी मोठमोठे दिवे असायचे, आता पिक्सेलच्या पट्ट्या आल्या होत्या. पट्टीवर मुगाच्या दाण्याएवढे दिवे ओळीने बसवलेले, आणि प्रत्येक दाण्याला वेगळा रंग देता येतो. कुठल्या दाण्याने केव्हा कुठला रंग धरायचा हे सांगणारा एक छोटा बोर्ड असतो, कंट्रोलर. हे बोर्ड जळले, भिजले, कुणाच्या पायाखाली आले की लाइटवाला ते घेऊन दुचष्मीकडे यायचा.

माऊ ही लाइटवाल्याची एकुलती एक मुलगी. तिचं अंग थोडं थोडं तिच्या हातातून सुटत गेलं होतं. आधी बोलणं गेलं, मग पाय गेले, मग हात. शेवटी उजव्या हाताचं एक बोट तेवढं उरलं. त्या बोटासाठी बापाने घरात एक सोय केली होती. कार्यक्रमांतून उरलेली पट्टी त्याने माऊच्या पलंगापासून छताच्या कडेने पॅसेजमधून थेट स्वयंपाकघरातल्या ओट्यापर्यंत नेली. पोरीच्या बोटाखाली एक बटण दिलं. एकदा दाबलं की पांढरा दिवा पळत जायचा, म्हणजे ये, जवळ बस. दोनदा दाबलं की निळा, पाणी. तीनदा दाबलं की पिवळा, कुशीवर वळव. आणि बोट दाबून धरलं की लाल. लाल म्हणजे दुखतंय. दिवा पलंगावरून निघायचा, ओट्यापर्यंत जायचा, पुन्हा पलंगावरून निघायचा, आणि कुणीतरी येऊन तेच बटण दाबेपर्यंत पळत राहायचा. रंग चारच. पण त्या चार रंगांत माऊ आईशी दिवसभर गप्पा मारायची. आईला गंमत म्हणून उगीचच पांढरा लावायची, आणि आई धावत आली की डोळ्यांनी हसायची. फुंकर घातली तरी दाबलं जाईल इतकं हलकं बटण दुचष्मीनेच शोधून दिलं होतं.

हिवाळा सरता सरता माऊ गेली. त्यानंतर दुचष्मी त्या घरी गेला नव्हता. जायला हवं होतं, हे त्यालाही कळत होतं. पण गेल्यावर बोलावं लागलं असतं.

दार उघडलं तेव्हा माऊची आई त्याला एकदम ओळखू आली नाही. बाई वाळली होती, हे तर झालंच. पण तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. 'या भाऊ' म्हणतानाही ती वर, छताच्या कडेकडे बघत होती. बोलताना तीन-चार शब्द झाले की नजर वर जायची आणि परत यायची.

"हा नाही घरी?" त्याने विचारलं.

"कार्यक्रम आहे बाहेरगावी. संध्याकाळी निघतो म्हणालेत." तिने दार लावून घेतलं. "पाणी देऊ?"

"नको वहिनी. आधी काम बघू."

पॅसेजला खिडकी नव्हती. दोन्ही बाजूंना बंद दारं, मधे लांबच लांब अंधार, आणि वर त्या विझलेल्या पट्टीची पांढुरकी रेघ. दुचष्मी तिच्या मागून चालत माऊच्या खोलीपर्यंत गेला. खोली जशीच्या तशी होती. आडव्या दांड्यांचा पलंग, कुठे सुरकुती नाही अशी ताणलेली चादर, उशी, उशीशेजारी ते बटण. पावडरचा आणि स्पिरिटचा वास होता. बंद खोलीला एक कुबट वास येतो, तो मात्र नव्हता. कुणीतरी रोज वावरत असावं असा त्या खोलीचा वास होता.

"तुम्ही इथंच झोपता का?"

"खाली, चटईवर." ती जरा थांबली. "झोपते कुठली म्हणा."

कंट्रोलर पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर होता, जेवणाच्या जुन्या डब्यात बसवलेला. त्याने प्लग काढला, डबा उतरवला, खिडकीखालच्या टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. कपाळावरचा चष्मा नाकावर आला, नाकावरचा कपाळावर गेला. मग तो बोर्डावर वाकला.

स्विच किती तऱ्हांनी बिघडतात हे त्याला पाठ होतं. काही झिजतात, काही गंजतात, काही आतल्या आत जळून चिकटतात. सगळी पट्टी चालू-बंद करणारा हा स्विच त्यातल्या कशानेच गेलेला नव्हता. याची मूठ मुळापासून मोडली होती, पत्र्याच्या अंगावर पकडीचे दात उमटले होते, आणि मोडणाऱ्याने एवढ्यावर न थांबता स्विच धरून असा पिळला होता की बोर्डावरची तांब्याची पट्टीही सालीसारखी उचलून आली होती. आणि हे करणारा हात अडाणी नव्हता. बाकी एका भागाला ओरखडासुद्धा नव्हता. आत माऊच्या बापाने स्वतः बसून लिहिलेला प्रोग्राम होता, त्या चिपला त्याने धक्का लागू दिला नव्हता.

"वहिनी," दुचष्मी खाली बघतच म्हणाला, "हा तुटलेला नाही. तोडलाय."

"माहीत आहे मला. ह्यांनीच तोडला."

ती पलंगाजवळच्या स्टुलावर बसली. आवाज न चढवता, भाजीबद्दल सांगावं तसं सांगायला लागली.

"ती गेल्यावर आम्ही दिवे बंद केलेच नव्हते. धीर झाला नाही. मग एकदा मी भांडी घासत होते आणि ओट्यावरून पांढरा गेला. इतकी सवय भाऊ, की मी हात पुसत 'आले गं' म्हणत निघाले. पॅसेजच्या मधोमध आल्यावर आठवलं."

"मग?"

"मग काय. आले. बसले इथं. बटण दाबलं, थांबला. दुसऱ्या दिवशी परत. हे म्हणाले, तार खराब झालीय. तार बदलली. मग म्हणाले, बटण खराब आहे. बटण बदललं. मग काही म्हणेनासे झाले."

"वहिनी, असं होतं कधी कधी. तार लांब असली की..."

"ऐका हो. पांढऱ्याचं मला काही नव्हतं. पांढरा आला की मी यायचे, बसायचे. बरं वाटायचं. हे मात्र बघायचे नुसते माझ्याकडे. मग एके दिवशी लाल आला."

तिची नजर वर गेली आणि परत आली.

"बटण दाबलं की थांबायचा. बोट उचललं की पुन्हा सुरू. दिवसभर. आता मी काय करू? औषध कुणाला देऊ? पाठ कुणाची चोळू? समोर चादर आहे, उशी आहे, आणि डोक्यावरून लाल दिवा पळतोय. रडून रडून कधीतरी इथंच डोळा लागला. जाग आली तर हे पक्कड घेऊन उभे. मला वाटलं, दुरुस्त करतायत."

दुचष्मीने चष्मा पुसला. त्याला बायकोचे दोन शब्द आठवले. एकही सापडेना.

"दिवा बंद केला म्हणजे दुखणं बंद होतं का भाऊ? आता तिला दुखतंय की नाही, तेवढंही मला कळत नाही. मला फक्त एवढं कळू दे. मग मी काही मागणार नाही कुणाकडे."

आता इथं दुचष्मीच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? स्विच मिळत नाही म्हणून सांगता आलं असतं. बोर्ड गेला म्हणता आलं असतं. त्याच्याही मनात ते येऊन गेलं. पण तो होता दुरुस्ती करणारा माणूस, आणि दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा एक भाबडा समज असतो. त्याला वाटतं, बिघाड नेमका कुठे आहे हे एकदा दाखवून दिलं की माणसाच्या जिवाला आराम पडतो. टीव्हीच्या बाबतीत तसं होतंही. त्याने ठरवलं, स्विच बसवायचा. पण बटणाची तार काढून ठेवायची, आणि मगच बोर्ड चालू करून दाखवायचा. तशीही त्याची पद्धत तीच होती. दुरुस्त केलेला बोर्ड तो नेहमी आधी बाकीचं सगळं सोडवून चालू करायचा, आणि तो नीट चालला की एकेक तार जोडायचा. बटणच नसेल तर दिवा लागणार कसा? तो लागला नाही की वहिनीला आपोआप पटेल, सगळा खेळ तारेचा होता.

"करतो मी," तो म्हणाला.

तिने डोळे मिटले. "उपकार होतील."

कामाला लागल्यावर त्याला बरं वाटलं. सोल्डरिंग आयर्न तापलं, राळेचा कडवट धूर वर आला आणि पावडरचा वास थोडा मागे हटला. त्याने मोडका स्विच उतरवला. उचकटलेली पट्टी जपून कापून टाकली, पुढच्या रेघेवरचा हिरवा लेप खरवडून तांबं उघडं केलं आणि त्यावर केसाएवढी तार डागली. मग नवा स्विच बसवला. मीटरची टोकं लावली. स्विच खाली, मीटर गप्प. स्विच वर, मीटरची बारीक शीळ. खाली, गप्प. वर, शीळ. काम चोख झालं होतं.

मधे एकदा त्याला वाटलं, मागे पलंग कुरकुरला. त्याने वळून पाहिलं. वहिनी स्टुलावरच होती, पलंगापासून हातभर लांब. तिने काही ऐकल्यासारखं दाखवलं नाही, आणि तो परत बोर्डाकडे वळला.

शेवटी त्याने बटणाची तार बोर्डातून उपसून काढली आणि तिचं टोक वहिनीच्या हातात दिलं.

"हे धरा. ही बटणाची तार. आता बटणाचा आणि बोर्डाचा काही संबंध नाही. शिवाय ही तार जिथं लागते ती जागा मी बोर्डावरच बांधून टाकलीय, म्हणजे हवेतलं काही-बाही ती पकडणार नाही. मी चालू करतो. दिवा लागला नाही, तर समजायचं की तेव्हा लागायचा तो या तारेमुळे. बरोबर?"

"आणि लागला तर?"

"नाही लागणार."

त्याने डबा भिंतीवर टांगला, पट्टी जोडली, प्लग लावला आणि स्विच वर केला. बोर्डावरचा हिरवा ठिपका उजळला. वीजपुरवठ्याच्या डब्यातून बारीक गुणगुण सुरू झाली.

पट्टी काळोखीच राहिली.

दोघंही मान वर करून बघत उभे होते. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती एकदाची सुरू झाली आणि लांब गेली. दुचष्मीने सोडलेला श्वास त्यालाच ऐकू आला.

"बघितलंत?" तो हळूच म्हणाला. "तारच होती, वहिनी."

ती हातातल्या तारेकडे बघत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. आवाज न करता ती रडत होती, आणि त्या रडण्यात बऱ्याच दिवसांचं काहीतरी सुटत होतं. दुचष्मीला भरून आलं. आपणही कुणाच्या तरी उपयोगी पडलो, असं त्याला क्षणभर वाटलं. जे दोन शब्द सापडत नव्हते ते आता सापडतील असंही वाटलं. त्याने तोंड उघडलं.

उशीच्या वरचा पहिला दाणा लागला.

मग दुसरा. मग तिसरा. दिवा घाईत नव्हता. रोज ज्या वाटेने जातो त्या वाटेने निघाल्यासारखा तो छताच्या कडेने सरकला, दाराच्या चौकटीवरून वळला आणि पॅसेजमध्ये दिसेनासा झाला. थोड्या वेळाने पुन्हा उशीवर उगवला.

तो पांढरा नव्हता. निळा, पिवळा, लाल, यातला कुठलाच नव्हता. तो रंग सांगणं कठीण आहे. या दाण्यांच्या पोटात लाल, हिरवा आणि निळा असे तीनच रंग असतात, बाकीचे सगळे त्यांच्या मिसळीतून होतात. दुचष्मीने आजवर असंख्य मिसळी पाहिल्या होत्या. ही त्याला लागेना. डोळे मिटून उन्हाकडे तोंड केलं की पापणीच्या आत जे दिसतं, त्याच्या जवळपासचं काहीतरी. पण गार.

"भाऊ..." वहिनीच्या हातातून तार गळून पडली. "हा कुठला?"

"माहीत नाही."

"हा नव्हता आमच्यात. मला चारच शिकवले होते ह्यांनी. हा कुठला?"

त्याने घाईघाईने बोर्डावरची बांधलेली जागा मोकळी केली, तार उचलली, परत तिथे खोचली. ती पलंगाशी वाकली आणि तिने बटण दाबलं. दिवा थांबला नाही. पुन्हा दाबलं. दाबून धरलं. तो आपला शांतपणे निघत होता, वळत होता, जात होता.

"काय हवंय गं?" ती उशीला म्हणाली. "पाणी हवंय?"

दुचष्मीचा हात स्विचकडे गेला. तिने त्याच्याकडे न बघताच म्हटलं, "राहू द्या भाऊ. ती काहीतरी मागतेय." ते इतकं साधं म्हटलं होतं, एखाद्या आईने पाहुण्याला म्हणावं तसं, की त्याचा हात तिथेच राहिला. परक्या माणसाने मधे पडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तो पॅसेजमध्ये आला आणि त्याने लाइटवाल्याला फोन लावला. डोक्यावरून तो रंग जात होता. बंद दारांवर, भिंतीवर, त्याच्या स्वतःच्या हातावर क्षणभर पडायचा आणि पुढे सरकायचा.

"काय रे दुचष्म्या," लाइटवाल्याचा आवाज प्रसन्न होता, मागे गाडीची घरघर होती. "आज कशी काय आठवण झाली? लवकर सुटलो बघ, वाटेतच आहे."

"तुझ्या घरी आहे मी."

पलीकडची गाडीची घरघर एकदम थांबली.

"वहिनींनी बोलावलं. स्विच बसवलाय. एक सांग, तू रंग किती घातले होतेस?"

"बंद कर तो."

"अरे, किती घातले होतेस?"

"चार. चारच घातलेत मी. बंद कर. तिला खोलीच्या बाहेर काढ."

खोलीतून वहिनीचा आवाज येत होता. एकेक गोष्ट ती विचारत होती आणि मधे उत्तरापुरती थांबत होती. "खिडकी उघडू?... पांघरूण देऊ?... पायांना मुंग्या आल्या का?..."

"तू पाहिला होतास हा रंग," दुचष्मी म्हणाला.

"लालसाठी मी तोडला नसता रे. लाल मी सहन केला असता." लाइटवाल्याचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. "ती दमून झोपली होती. मी एकटाच होतो. लाल थांबला आणि हा आला. बटणाला दाद देईना. तार काढली, तरी चालूच. मग मीही... बाप ना मी. विचारायला लागलो. पाणी हवं का, उशी हवी का, गाणं लावू का. सगळं विचारलं. थांबेना."

"मग थांबला कसा?"

"एकच विचारायचं राहिलं होतं."

"अरे, बोल ना!"

"आई हवी का, असं विचारलं."

दुचष्मीने वळून खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"तसा थांबला," लाइटवाला म्हणाला. "जवळ बसायला नव्हे रे, कायमची, तिच्याकडे. त्याला पांढरा आहे. ती तर शेजारीच झोपली होती, तरी मागत होती. म्हणून तोडला. तिला विचारू देऊ नकोस. ऐकतोयस ना? तिला ते विचारू देऊ..."

"केस विंचरू?" आत वहिनी म्हणत होती. "दिवा डोळ्यांवर येतोय का?... बाबा हवेत?... मग काय गं हवंय? सांग ना राजा..."

दुचष्मी धावला. धावला म्हणजे काय, दार तीन-चार ढांगांवरच होतं. पण तेवढ्यात आतला आवाज खाली गेला. कानात सांगावं तसं ती काहीतरी बोलली, फार थोडं, एखादाच शब्द. त्याच्या डोक्यावरचा दिवा जिथे होता तिथेच थांबला, आणि विझला.

तो दारात पोचला तेव्हा ती पलंगाच्या कडेवर बसली होती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. आत्ता डोळा लागलाय तिचा."

"वहिनी, तुम्ही काय म्हणालात तिला?"

ती हसली. माऊ गेल्यापासून या घरात कुणी असं हसलं नसेल. चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला होता. आणि दुचष्मीच्या एक गोष्ट लक्षात आली, ती आता वर बघत नव्हती.

त्याने स्विच खाली केला. प्लग ओढला. पट्टीच्या तारा तोडल्या, डबाच भिंतीवरून उतरवला आणि पोटाशी धरला. ती ओरडेल, अंगावर धावून येईल, असं त्याला वाटलं होतं. तशी तयारीही होती त्याची. दोन शब्द सापडले नसते, पण त्याने तिला धरून ठेवलं असतं.

"हा मी घेऊन जातो," तो म्हणाला.

"न्या की," ती म्हणाली. "आता नाही लागायचा."

फोन अजून चालूच होता. आतून लाइटवाला त्याला हाका मारत होता. दुचष्मीने फोन कानाला लावला आणि एवढंच म्हणाला, "लवकर ये."

"हे कधीपर्यंत पोचतील?" वहिनीने विचारलं.

"येईलच तासाभरात. तोपर्यंत आपण बाहेर बसू या का? बायकोला बोलावतो माझ्या. चहा करेल ती. चला ना वहिनी."

"तासाभरात." तिने मान हलवली. "मग आहे वेळ."

ती उठली. चादरीवरून हात फिरवला, आणि माऊची उशी उचलून पलंगाच्या भिंतीकडच्या अर्ध्या भागात सरकवली, अगदी जपून, खाली कुणाचं डोकं असावं तशी. अलीकडे एका माणसापुरती जागा झाली.

"भाऊ, तेवढी कपाटावरची दुसरी उशी काढून देता? माझा हात पुरत नाही."

त्याने काय करायला हवं होतं, हे नंतर त्याला पुष्कळांनी सांगितलं. बायकोने सांगितलं, लाइटवाल्याने सांगितलं. त्या वेळी त्याला एवढंच दिसलं की समोर एक बाई उभी आहे, दमलेली, आणि उशी मागतेय. त्याने डबा खाली ठेवला, टाचा उंचावल्या आणि उशी काढून दिली.

मग तो दाराबाहेर जमिनीवर बसला. दार त्याने लावू दिलं नाही, एवढंच त्याच्या हातून झालं. ती आडवी झाली होती, पाठ दाराकडे, तोंड भिंतीकडे. तिचा श्वास चालू होता. पांघरूण वर-खाली होताना तो डोळ्यांत तेल घालून बघत होता. आणि ती बोलत होती, हलक्या आवाजात, झोपताना आई मुलाशी बोलते तशी. शब्द कळत नव्हते. ती थोडं बोलायची आणि उत्तरापुरती थांबायची, पुन्हा बोलायची, थांबायची. बाहेर संध्याकाळ व्हायला लागली. दुचष्मी रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीकडे कान लावून होता आणि लाइटवाला येत नव्हता.

हळूहळू तिचं बोलणं कमी होत गेलं. थांबणं मात्र वाढत गेलं. बराच वेळ ती नुसती ऐकत असायची, आणि मधेच एखादा हुंकार द्यायची.